कुलूप लागलेल्या घरांचं काय करायचं? नागपुरात घरोघरी तपासणी करून संसर्गाचा अंदाज घेताना

नागपुरातल्या एका आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: "पुढची साथ आली तर शहरात खरा संसर्ग किती आहे हे कळावं म्हणून २,००० घरांत जाऊन तपासणी करायचा आमचा विचार आहे. २५ लाखांच्या शहराला २,००० घरं पुरतील का? घरं कशी निवडायची? आणि मेयो-मेडिकल या मोठ्या सरकारी दवाखान्यांत रोज तपासण्या होतातच, तर मग हा खटाटोप कशाला?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते पटलं नाही तर बाकीच्या मेहनतीला अर्थ उरणार नाही.

दवाखान्यात तपासला जातो तो स्वतःहून आलेला माणूस. कुणाला ताप असतो, कुणाच्या घरात कोणी पॉझिटिव्ह निघालेलं असतं, कुणाला ऑपरेशनआधी तपासणी सांगितलेली असते. अशा १०० जणांत २० पॉझिटिव्ह निघाले, तर त्यावरून शहरात २० टक्के संसर्ग आहे असं म्हणता येत नाही, ५ टक्के आहे असंही म्हणता येत नाही. त्यात नागपूरचा आणखी एक गुंता आहे. आपल्या मोठ्या दवाखान्यांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे रुग्ण येतात, तसेच छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचेही येतात. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा, पॉझिटिव्ह किती हा, नागपूरचा नाही आणि ज्याने भागायचं तो खालचा आकडा, एकूण किती लोकांतले हा, तर ठाऊकच नाही.

घरोघरच्या तपासणीतून काय हाती लागतं, ते २०२० मध्ये दिसलं. मे-जूनमध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, २१ राज्यांतल्या ७० जिल्ह्यांत २८,००० प्रौढांच्या रक्तातल्या कोविडच्या अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासल्या. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते, नागपूर नव्हतं. संसर्ग होऊन गेलेले लोक निघाले ०.७३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण देशाच्या लोकसंख्येवर ते मेच्या सुरुवातीपर्यंतचे सुमारे ६४ लाख संसर्ग होतात. नोंद झालेल्या एकेका रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग झाले होते. हे फक्त कोविडचं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. आपण दारापर्यंत गेलो नसतो तर ते कुठल्याच नोंदीत आले नसते.

आता २,००० चा प्रश्न. नमुना किती मोठा हवा हे शहर किती मोठं आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतं. नागपूरसाठी जेवढा लागेल साधारण तेवढाच उमरेडसारख्या छोट्या गावासाठीही लागेल. लोकांना हे पटत नाही, पण विदर्भातल्या शेतकऱ्याला लगेच पटतं, कारण त्याने पीक कापणी प्रयोग पाहिलेला असतो. तालुक्यातलं सगळं पीक कोणी मोजत नाही. आकडे काढून शेत ठरतं, त्या शेतातला तुकडा ठरतो, आणि तेवढंच कापून, मळून, तोलून तालुक्याचं उत्पादन सांगतात. ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीचं शास्त्र भारतात उभं केलं. त्यातला कडक नियम असा की तुकडा बांधाजवळ विरळ पिकात पडला तरी तिथेच कापायचा. शेजारचा भरघोस तुकडा घेतला की सगळा हिशेब बुडाला. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो घरांना लागणार आहे.

हिशेब असा करा. संसर्ग १० टक्क्यांच्या आसपास असेल असं धरलं आणि उत्तर २ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर साध्या सूत्राने ८६४ माणसं लागतात. पण आपण माणसं सुटी सुटी वेचत नाही, वस्ती-वस्तीतून घेतो, आणि एका वस्तीतली माणसं संसर्गाच्या बाबतीत एकमेकांसारखी असतात. म्हणून तो आकडा साधारण दुप्पट करावा लागतो, म्हणजे १,७२८. पाचातला एक जण नाही म्हणेल असं धरलं तर २,१६० घरांची दारं ठोठवावी लागतील. तुमचा २,००० चा अंदाज चुकीचा नाही. मात्र संसर्ग १ टक्क्याच्या आसपास असेल तर एवढ्यात भागणार नाही, आणि तिथे नमुन्याच्या आकारापेक्षा किटची अडचण मोठी होते. तिच्याकडे थोड्या वेळाने येते.

घरं निवडण्यासाठी महापालिकेचे दहाही झोन घ्या, पण प्रत्येक झोनमध्ये झोपडपट्टी आणि बाकीची वस्ती असे दोन वेगळे थर करा. २०११ च्या जनगणनेत शहरातली साधारण एक तृतीयांश लोकसंख्या झोपडपट्ट्यांत होती. हे दोन थर वेगळे ठेवणं किती गरजेचं आहे ते मुंबईने दाखवलं. जुलै २०२० मध्ये तिथल्या तीन वॉर्डांच्या पाहणीत झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेर १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. दोन्हींची एकच सरासरी काढली असती तर ती दोघांपैकी कुणालाच लागू पडली नसती.

दोन्ही थरांतून मिळून १०० गणना गट उचला, असे की ज्या गटात लोक जास्त तो निवडला जाण्याची शक्यताही जास्त. जनगणनेचा गट म्हणजे साधारण सव्वाशे घरं. पण २०११ च्या याद्यांवर विसंबू नका. वाठोडा, हुडकेश्वर, नरसाळा या बाजूला तेव्हा मोकळे प्लॉट होते तिथे आज फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. जुन्या ले-आउटमधल्या एका घरात मालक खाली, किरायदार वर, आणि मागच्या खोलीत पोरं खोली करून राहतात. म्हणून निवडलेल्या गटात आधी एक दिवस फक्त यादी करायला जा. चूल वेगळी तर घर वेगळं, हा नियम ठेवा. यादीत १४० घरं निघाली आणि २० हवी असतील तर सुरुवातीचं घर चिठ्ठीने काढा आणि तिथून दर सातवं घर घ्या. लसीकरणाच्या जुन्या पाहण्यांत वस्तीच्या मध्यावर बाटली फिरवून जिकडे तोंड तिकडे चालू लागायची पद्धत होती. तिच्यात मध्यावरची घरं जास्त येतात आणि कार्यकर्ता सोयीच्या गल्लीत वळतो. यादी करणं कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

घरातून एकच माणूस घ्या. एका घरातल्या चौघांना तपासलं तर चार नमुने मिळतात पण माहिती चार माणसांची मिळत नाही, कारण एकाला झाला की बाकीच्यांना होतोच बहुधा. घरात संसर्ग कसा पसरतो हा वेगळा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. कोणता माणूस घ्यायचा हे मात्र दार उघडणाऱ्याने ठरवायचं नाही आणि तुमच्या कार्यकर्तीनेही नाही. परदेशी पाहण्यांत 'ज्याचा वाढदिवस नुकताच झाला तो' असा नियम वापरतात. आपल्याकडे तो टिकत नाही. कितीतरी जुन्या माणसांची कागदावरची जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी असते. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांची नावं वयाप्रमाणे लिहा आणि टॅबलाच एक नंबर काढू द्या. मग आठ जणांच्या घरातून निवडलेला माणूस हिशेबात आठ जणांच्या वजनाचा धरा आणि दोघांच्या घरातला दोघांच्या. हे वजन विसरलं की छोट्या कुटुंबांचा आवाज मोठा होतो, आणि आपल्या शहरात छोटी कुटुंबं कुठे राहतात हे तुम्हाला सांगायला नको.

इथवरचं सगळं पुस्तकात सापडतं. पाहणी खरी बिघडते ती पुढच्या पायरीवर.

सकाळी ११ वाजता पथक निघतं. निवडलेलं घर बंद असतं. शेजारची काकू दारातच तांदूळ निवडत बसलेली, बोलकी, तयार. नमुना शेजारी घेतला जातो, फॉर्म भरतो, आकडा पूर्ण होतो. संध्याकाळी यादीत २० पैकी २० दिसतात आणि सगळे खूश. पण कुलूप होतं त्या घरातली माणसं कुठे होती? बुटीबोरीच्या कारखान्यात, इतवारीच्या दुकानात, ऑटो चालवत, चार घरची धुणीभांडी करत. म्हणजे ज्यांचा दिवसभर सगळ्यात जास्त लोकांशी संबंध येतो तीच माणसं वगळली गेली, आणि त्यांच्या जागी दिवसभर घरी असणारी माणसं आली. असा नमुना कितीही मोठा केला तरी सुधारत नाही. २,००० ऐवजी २०,००० घरं केलीत तर चुकीचंच उत्तर जास्त खात्रीने मिळेल.

याचं गणित एकदा करून पाहा. २,००० घरं निवडली, १,४०० जणांनी नमुना दिला, त्यातले १४० पॉझिटिव्ह निघाले. तुम्ही सांगाल १० टक्के, आणि सूत्र सांगेल की २ टक्के इकडे-तिकडे. आता न मिळालेल्या ६०० जणांचा विचार करा. ते सगळे निगेटिव्ह असते तर खरं उत्तर ७ टक्के. सगळे पॉझिटिव्ह असते तर ३७ टक्के. ही दोन टोकं झाली, खरं उत्तर मध्ये कुठेतरी असणार, पण सूत्राने दिलेला २ टक्क्यांचा दिलासा या ६०० घरांपुढे काहीच नाही. वय आणि लिंग जनगणनेशी जुळवून वजनं देता येतात आणि ती द्यावीतही. पण तिशीतला घरी सापडलेला माणूस आणि तिशीतला न सापडलेला माणूस सारखेच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तेच तर खरं नसतं.

म्हणून माझा पहिला आणि शेवटचा आग्रह एवढाच: निवडलेलं घर बदलायचं नाही. बंद असेल तर परत जायचं, वेगळ्या वेळी जायचं, एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी तरी जायचंच. तरीही मिळालं नाही तर 'मिळालं नाही' असं लिहायचं, शेजारचं घर घ्यायचं नाही. हे आपल्याला अनोळखीही नाही. विदर्भात हत्तीरोग जुना आहे, आणि त्याचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून आपले आरोग्य कर्मचारी रात्री आठनंतर घरोघरी बोटातून रक्त घेत आले आहेत. जंतूच्या वेळेसाठी आपण रात्री गेलो, तर माणसाच्या वेळेसाठीही जाता येईल. आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी १२ ते ४ या वेळात पथक पाठवूच नका. त्या उन्हात कोणी दार उघडत नाही, आणि कार्यकर्ती आजारी पडते ते वेगळंच.

नकाराचं दुखणं कुलुपापेक्षा अवघड आहे. २०२० मध्ये पॉझिटिव्ह येणं म्हणजे दारावर टिनाचे पत्रे ठोकले जाणं आणि घरातल्या सगळ्यांना आमदार निवासात विलगीकरणासाठी नेणं असा अनुभव लोकांनी घेतला. मोमिनपुरा, सतरंजीपुरा इथल्या लोकांनी तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घेतला. त्यानंतर नमुना मागायला येणाऱ्याकडे त्यांनी संशयाने पाहिलं तर तो त्यांचा दोष नाही. ज्याला आपल्याला झाला असावा असं वाटतं तोच नाही म्हणतो, आणि मग आकडा खाली येतो. याला इलाज एकच, नमुना घेण्याआधी ठरवून टाका की या पाहणीतल्या निकालावरून कोणाच्याही घरावर कसलीही कारवाई होणार नाही. तसं प्रशासनाकडून लेखी घ्या आणि ते पत्र दारात मराठी, हिंदी, उर्दूत दाखवा. अँटिबॉडीची तपासणी असेल तर ती होऊन गेलेल्या संसर्गाची आहे, यात कुणाला कुठे न्यायचा प्रश्नच नाही, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा. निकाल त्याच माणसाच्या हातात द्या, शेजाऱ्यासमोर नाही. सोबत ओळखीची आशाताई असावी का? वस्तीत बहुतेक वेळा असावी, दार तिच्यामुळेच उघडतं. पण जिथे तिनेच आधी नावं कळवली असा समज आहे तिथे दुसऱ्या भागातली पाठवा. सिव्हिल लाइन्स, धरमपेठच्या फ्लॅट स्कीममध्ये अडचण वेगळी, तिथे वॉचमनच्या पुढे जाता येत नाही. सोसायटीच्या सचिवाशी आधी बोलून ठेवा. आणि बीपी-शुगर तिथल्या तिथे मोफत तपासून द्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय पाहणीत पहिल्या भेटीला ५० पौंडांचं व्हाउचर देत असत, लोकांच्या वेळेची ती किंमत होती. आपण तेवढे पैसे देऊ शकत नाही, पण काहीतरी उपयोगाचं देऊ शकतो.

जो नाहीच म्हणतो त्याला एकच विचारा: गेल्या दोन महिन्यांत घरात कुणाला ताप आला होता का? एवढं बरेच जण सांगतात. नमुना देणाऱ्यांतलं हेच प्रमाण त्याशेजारी ठेवलं की न मिळालेले लोक वेगळे आहेत का, याचा थोडा अंदाज येतो.

आता किटबद्दल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) २०२० मध्ये बनवलेल्या कोविड कवच या अँटिबॉडी किटची संवेदनशीलता सुमारे ९२ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९८ टक्के होती. म्हणजे संसर्ग झालेल्या १०० पैकी ९२ जण ते ओळखतं, आणि न झालेल्या १०० पैकी दोघांना चुकून पॉझिटिव्ह म्हणतं. ते दोघे कमी वाटतात. पण समजा २,००० जणांत खरोखर १ टक्का संसर्ग आहे, म्हणजे २० माणसं. किट त्यातली १८ पकडेल. उरलेल्या १,९८० पैकी ४० जणांना खोटंच पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण ५८, म्हणजे २.९ टक्के. उत्तर तिप्पट झालं. हेच किट ५० टक्के संसर्ग असलेल्या वस्तीत ४७ टक्के सांगेल, जे जवळपास बरोबर आहे. किट तेच, पण साथीच्या सुरुवातीला ते दिशाभूल करतं आणि नंतर उपयोगी पडतं.

किटची ही चूक हिशेबातून काढणारी, १९७८ पासून वापरात असलेली रोगन-ग्लॅडन दुरुस्ती इथे कामी येते. मिळालेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवा, त्यातून १ वजा करा. मग संवेदनशीलता आणि विशिष्टता यांच्या बेरजेतून १ वजा करून जे येईल त्याने भागा. आपल्या उदाहरणात ०.०२९ अधिक ०.९८ वजा १ म्हणजे ०.००९. भागिले ०.९०, उत्तर १ टक्का. पण विशिष्टता ९८ आहे की ९७ हेच पक्कं नसेल तर दुरुस्तीही डळमळते. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्यात ३,३३० जणांत ५० पॉझिटिव्ह निघाले, १.५ टक्के. विशिष्टता ९८.५ टक्के धरली तर ते सगळे ५० खोटे असू शकले असते. शिवाय लोक फेसबुकवरच्या जाहिरातीतून जमवले होते, त्यामुळे आजारी पडून गेल्याचा संशय असलेले जास्त आले असणार, अशीही टीका झाली. आयसीएमआरने पहिल्या फेरीत पॉझिटिव्ह निघालेले नमुने दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा तपासले. तुम्हीही तसंच करा, खर्च फक्त पॉझिटिव्ह नमुन्यांचाच येतो.

काय मोजायचं तेही आधी ठरवा. आज किती जणांना संसर्ग आहे हे हवं असेल तर आरटीपीसीआर, आजवर किती जणांना होऊन गेला हे हवं असेल तर अँटिबॉडी. लसीकरणानंतर अँटिबॉडीचा अर्थ लावणं अवघड झालं आहे. कोविशील्ड फक्त स्पाइकच्या, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या काट्यांच्या, अँटिबॉडी तयार करते, म्हणून न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाच्या अँटिबॉडी दिसल्या तर तो संसर्ग. पण कोव्हॅक्सिन अख्ख्या निष्क्रिय विषाणूची लस असल्याने ती घेतलेल्यांत हा भेद चालत नाही. कोणती लस घेतली हे फॉर्ममध्ये विचाराच.

आरटीपीसीआरसाठी आपल्या शहराची एक मोठी सोय आहे. मे २०२१ मध्ये नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेल्या सलाईनच्या गुळण्यांच्या पद्धतीला आयसीएमआरने मान्यता दिली. माणूस स्वतः १५ सेकंद गुळणी करून नळीत थुंकतो. नाकात काडी घालायची भीती नाही, प्रशिक्षित माणूस दारोदार न्यायची गरज नाही. नकार कमी करायला यापेक्षा चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. संसर्ग कमी असेल तर पाच-पाच नमुने एकत्र तपासा, याला आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्येच वाट करून दिली होती. ४०० गटांपैकी ३८ पॉझिटिव्ह आले तर माणसांतलं प्रमाण ९.५ टक्के नव्हे, सुमारे २ टक्के. ९०.५ टक्के गट निगेटिव्ह आहेत, त्याचं पाचवं मूळ काढून १ मधून वजा करायचं. २,००० तपासण्यांचं काम ४०० मध्ये होतं.

निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न येईल, कोणता झोन सर्वांत वाईट? त्याचं उत्तर देऊ नका. दहा झोनांत वाटले तर प्रत्येकी २०० नमुने, आणि १० टक्क्यांवर तिथे ६ टक्के इकडे-तिकडे होतं. ७ टक्क्यांचा लकडगंज आणि १३ टक्क्यांचा आशीनगर यांत खरंच फरक आहे की नाही हे त्या नमुन्यावरून सांगता येत नाही. शहराचा आकडा द्या, झोपडपट्टी आणि बाहेरचा द्या, बस. उलट बाजूही सांभाळा. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात ५१.५ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या असं सगळीकडे फिरलं, पण तो जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांचा आकडा होता, अख्ख्या पुण्याचा नव्हता.

वसतिगृहं, बांधकामावरचे मजूर, मध्यवर्ती कारागृह, स्टेशनबाहेर झोपणारे, हे कुठल्याच घराच्या यादीत येणार नाहीत. अहवालात ते स्पष्ट लिहा, आणि जमलं तर त्यांची वेगळी छोटी पाहणी करा.

पैशांचं म्हणाल तर किटच्या संख्येत कपात करा, पुनर्भेटीच्या पथकात करू नका. पूर्ण २,००० ऐवजी १,५०० घरं निवडा आणि उरलेल्या पैशांत संध्याकाळची दोन वेगळी पथकं ठेवा, ज्यांचं काम फक्त बंद घरं आणि नकार. अहवालाच्या पहिल्या पानावर टक्केवारीशेजारीच छापा: किती घरं निवडली, किती बंद राहिली, किती जण नाही म्हणाले. आणि सगळं सुरू करण्याआधी दोन गटांत रंगीत तालीम घ्या, एक जुन्या मोहल्ल्यात, एक फ्लॅट स्कीममध्ये. तालमीत एखाद्या कार्यकर्तीने २० पैकी २० नमुने पहिल्याच दिवशी आणले, तर तिच्यासोबत त्या गल्लीत परत जा आणि यादीतले घर नंबर एकेक करून तपासा.